डाव्या हाताची नेमबाज

ज्या वर्षी खांदा धरला, त्याच वर्षी उल्का टिळेकरला पन्नासावं लागलं होतं. उजवा खांदा. आधी नुसता ठणकायचा, मग हात वर जाईना, आणि एका सकाळी केसांना साधी क्लिप लावता येईना तेव्हा ती आरशासमोर उभी राहून सांगलीच्या अस्सल शिव्या देत सुटली. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे गेली, तर त्याने नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितली आणि वर म्हणाला, "फ्रोझन शोल्डर आहे. वर्ष-दोन वर्षांत आपोआप सुटेल. तोवर जपा."

या 'जपा'नेच तिचं डोकं फिरलं.

उल्काला आइंडहोवनजवळच्या बेस्ट नावाच्या डच गावात येऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. संगणकाच्या चिप बनवायच्या यंत्रांचे भाग तपासण्याची तिची नोकरी. नवरा शिरीष आयटीत, स्वभावाने मऊ आणि काळजीखोर. मुलगी सलोनी सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. खांदा धरल्यापासून या घरात आणि ऑफिसात जो तो उल्काला जपायला लागला. शिरीष तिच्या हातातून पिशवी काढून घ्यायचा. ऑफिसात कोणी तिला खोकं उचलू द्यायचं नाही. सायकल चालवायची नाही, पोळ्या लाटायच्या नाहीत, पडदे काढायचे नाहीत. सगळे प्रेमानेच सांगत होते, म्हणून तर भांडायचीही सोय नव्हती.

त्या वसंतात ऑफिसची सहल निघाली ती गावाबाहेरच्या झाडीतल्या एका नेमबाजीच्या क्लबात. तिचा मॅनेजर राजस पुण्याचा, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, अत्यंत सभ्य मुलगा. त्याने आधीच तिच्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवली होती.

"उल्काताई, तुमचा खांदा आहे ना," तो म्हणाला, "तुम्ही असं करा, बसून सगळ्यांचे गुण लिहा."

उल्का बसली. पहिल्या दोघांचे गुण लिहिले. तिसऱ्याचे लिहिता लिहिता तिने पेन्सिल खाली ठेवली, उठली आणि तिथल्या प्रशिक्षकापाशी गेली. कोर त्याचं नाव. आयुष्यभर आइंडहोवनला बस चालवून निवृत्त झालेला, मोठ्या पोटाचा, पांढऱ्या मिशांचा माणूस.

"डाव्या हाताने चालतं का?" तिने मोडक्यातोडक्या डचमध्ये विचारलं.

"पिस्तुलाला डावं-उजवं कळत नाही," कोर म्हणाला. "तुम्हाला कळतं. बघा धरून."

पाच गोळ्यांपैकी दोन कागदाला लागल्या, तीन कुठे गेल्या देव जाणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बालवाडीच्या स्नेहसंमेलनात पोर नाच विसरलं की वाजवतात तशा. त्या टाळ्या उल्काच्या कानात घरी पोचेपर्यंत वाजत राहिल्या. पुढच्या गुरुवारी ती एकटीच बसने क्लबात गेली आणि म्हणाली, "मला सभासद व्हायचंय."

इथे स्वतःच्या रक्षणासाठी म्हणून कोणाला पिस्तूल मिळत नाही. खेळ म्हणून मिळतं, तेही क्लबात वर्षभर नेमाने सराव करून, चांगल्या वागणुकीचा दाखला देऊन, आणि मगच पोलिसांकडे परवाना मागता येतो. त्याआधी क्लबाची आपली परीक्षा असायची. नेम तर लागलाच पाहिजे, पण त्याहीपेक्षा हत्यार हातात असताना माणूस कसा वागतो हे ते बघायचे. कोरने पहिल्याच दिवशी तिला विचारलं होतं, "कोणाची भीती वाटते म्हणून आलात का? तसं असेल तर दार तिकडे आहे."

"भीती नाही," उल्का म्हणाली. "राग आहे."

"कोणावर?"

"खुर्चीवर."

कोरला काही कळलं नाही, पण त्याने तिला ठेवून घेतलं.

घरी मात्र शिरीषने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "पिस्तूल? उल्का, अगं आपण झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतो!"

"झुरळाला नाही मारणार."

"घरात आणायचं नाही. सांगून ठेवतो."

"आधी परीक्षा तर होऊ दे. मग भांडू."

मराठी मंडळात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! दिवाळीच्या फराळाला शर्मिलाने तिला चकलीच्या ताटापाशी गाठलं. शर्मिला तिची जुनी मैत्रीण, आणि मंडळातल्या निम्म्या घरांच्या चुलीपर्यंत तिची नजर पोचलेली.

"अगं, खरं का ते? या वयात? त्यापेक्षा योगा कर. खांद्यालाही बरं."

"योगाही करते."

"लोक काय म्हणतात माहितेय ना?"

"काय म्हणतात?"

शर्मिला जरा अडखळली. "हेच… की घरी सगळं ठीक आहे ना."

"सांग त्यांना, घरी ठीक आहे, नेमच तेवढा अजून वाईट आहे," असं म्हणून उल्काने दोन चकल्या उचलल्या.

आणि नेम खरंच वाईट होता. डाव्या हाताने पिस्तूल धरायचं हा काही डाव्या हातचा मळ नव्हता. मनगट थरथरायचं. चाप ओढताना बोटाबरोबर सगळा पंजा वळायचा. त्यात नेम धरताना तिचा उजवा डोळाच पुढे यायचा. हात डावा आणि डोळा उजवा, म्हणजे नळीच्या टोकावरचा दाणा मागच्या खाचेत आणायला मान किंचित झुकवावी लागायची. कोरने तिला घरी करायचा व्यायाम दिला. दुधाचा भरलेला पुठ्ठ्याचा डबा डाव्या हातात घेऊन हात लांब करायचा आणि भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत उभं राहायचं. सकाळी स्वयंपाकघरात उल्का अशी उभी असायची आणि तिच्या काखेखालून सलोनी ब्रेडचा डबा काढून घ्यायची.

"मॉम, यू लुक लाइक अ स्टॅच्यू."

"पुतळ्याला घाम येत नाही. सरक."

हिवाळा असाच गेला. पावसात, वाऱ्यात, आणि खांदा ठणकत असला तरीही ती गुरुवार चुकवायची नाही. पाचांतल्या तीन लागायला लागल्या, मग चार. उन्हाळ्याच्या तोंडावर कोर म्हणाला, "बसा परीक्षेला."

परीक्षा घ्यायला दुसऱ्या क्लबातून मराइके नावाच्या एक बाई आल्या होत्या. सडसडीत, कमी बोलणाऱ्या. उल्काने पहिल्या पाच गोळ्या झाडल्या. बऱ्या लागल्या. दुसऱ्या पाच भरल्या, हात लांब केला, आणि तेवढ्यात मागे कोणाची तरी खुर्ची धाडकन पडली.

उल्का वळली.

जाणूनबुजून नव्हे. वीस वर्षं घर सांभाळलेल्या बाईची मान, मागे काही पडलं की आपोआप वळते. मानेबरोबर खांदे वळले आणि खांद्यांबरोबर हातातलं भरलेलं पिस्तूल उजवीकडच्या भिंतीच्या दिशेने फिरलं.

"स्टॉप!" मराइकेंचा आवाज चाबकासारखा आला. कोरने पुढे होऊन तिचं मनगट धरलं, नळी पुन्हा समोर केली, पिस्तूल रिकामं केलं. परीक्षा तिथेच संपली.

"नेम चांगला आहे," मराइके म्हणाल्या. "पण आत्ता तुमच्या उजवीकडे एक माणूस उभा होता."

उल्काने त्या माणसाकडे पाहिलं. चष्मा लावलेला, साधासा, कोणाचा तरी नवरा असावा. तिने जाऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, काही झालं नाही ना, मग झालं.

घरी शिरीषने जेवायला वाढलं आणि हळूच म्हणाला, "बघ, नशिबानेच सांगितलं. आता सोड."

"नशिबाने काही सांगितलं नाही. मराइकेबाईंनी सांगितलं, आणि बरोबर सांगितलं." उल्काने ताट बाजूला सारलं. "चूक माझी आहे. आता सोडलं तर ती चूक माझ्याजवळच राहील. ती मी मोडणार आणि मगच सोडायचं की नाही ते बघणार."

"कोणाला दाखवायचंय तुला एवढं?"

"कोणालाच नाही. तुम्ही सगळे बघत बसता त्याला मी काय करू!"

हे जरा जास्तच लागलं असावं. शिरीष उठून गेला. पण सलोनी ऐकत होती. ती आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, मी मागून पाडू का? वस्तू?"

दुसऱ्या दिवसापासून टिळेकरांच्या घरात युद्ध सुरू झालं. उल्का दुधाचा डबा धरून ठिपक्याकडे बघत उभी, आणि मागे सलोनी केव्हा काय आपटेल याचा नेम नाही. कधी स्टीलचं झाकण, कधी कुकरची शिटी, कधी आख्खा भांड्यांचा रॅकच हलवायची. पहिल्या आठवड्यात उल्का दर वेळी दचकली, आणि एकदा वळताना डबा सुटून दूध शेगडीवर सांडलं. मग मान वळायची थांबली, फक्त पापणी लवायची. मग तीही थांबली. शेजारची डच म्हातारी एकदा दारात येऊन विचारून गेली, सगळं बरं आहे ना? शिरीष कानात हेडफोन घालून बसायचा. एका संध्याकाळी मात्र उल्का अशीच उभी असताना त्याने मागे येऊन पोळपाट फरशीवर टाकला. ती हलली नाही. त्याने पोळपाट उचलून, धुऊन जागेवर ठेवला.

दुसऱ्या परीक्षेलाही मराइकेच होत्या. त्यांनी उल्काला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. या खेपेला खुर्ची पडली नाही. शेजारच्या पट्ट्यातल्या माणसाच्या पिस्तुलातून उडालेलं तापलेलं रिकामं काडतूस भिंतीला आपटलं आणि सरळ उल्काच्या सदऱ्याच्या गळ्यातून आत गेलं.

गळ्याखालची कातडी चरचरली. डोळ्यांत पाणी आलं. सगळं अंग म्हणत होतं, हात झटक, वाक, काढ ते! उल्काने दात आवळले. नळी समोरच ठेवली. बोट चापावरून काढलं, मॅगझिन काढलं, पिस्तूल उघडून रिकामं आहे हे पाहिलं, ते नळी समोर ठेवून टेबलावर ठेवलं, आणि मगच दोन पावलं मागे येऊन सदरा झटकला. काडतूस टणकन खाली पडलं.

"थांबायचंय?" मराइकेंनी विचारलं.

"नाही. माझ्या तीन राहिल्यात."

त्या तिन्ही लागल्या. फार सुंदर लागल्या असंही नाही. एक तर अगदी काठावर. पास व्हायला हवे होते त्याहून गुण थोडेच वर आले. मराइकेंनी हात पुढे केला तो उजवा, मग चूक लक्षात येऊन डावा केला. कोरने मिशांतल्या मिशांत हसत तिला भाजल्यावर लावायचं मलम आणून दिलं.

त्या रात्री जेवताना शिरीष तयारीने बसला होता. घरात हत्यार का नको याची कारणं त्याने मनात घोळवून ठेवली होती, हे त्याच्या बसण्यावरूनच दिसत होतं.

"मी पिस्तूल आणणार नाहीये," उल्का म्हणाली. "क्लबाचं मला पुरतं."

शिरीषने श्वास सोडला.

"पण ऐक. तू नको म्हणालास म्हणून नाही. मला आत्ता नकोय म्हणून. उद्या हवं वाटलं तर परवान्याचा अर्ज करीन, आणि तेव्हा तुला विचारणार नाही. सांगेन."

शिरीषने आमटीची वाटी तिच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "भिंतीला पक्की बसवलेली तिजोरी लागते म्हणे. नुसती कपाटात ठेवून चालत नाही."

"तुला काय माहीत?"

"वाचलं सगळं. वाद घालायचा होता ना तुझ्याशी."

"मग घाल की."

शिरीषने तिच्या गळ्यावरच्या लाल डागाकडे पाहिलं, मान हलवली, आणि आणखी भात वाढून घेतला.