गाळणी कडेनं गळते

माझी वहिनी प्रयोगशाळेत पडदे तपासते. केसाहून हजारो पट बारीक अशा कार्बनच्या नळ्यांचा पडदा. त्यानं पाणी सोडायचं, पाण्यातला निळा रंग अडवायचा. आई मात्र सगळ्यांना सांगते, "सून गाळण्या करते."

मध्यंतरी तीन दिवस निळंच पाणी उतरत होतं. साहेब नळ्यांवर खापर फोडत होते, वहिनीचं तोंड एवढंसं झालं होतं. घरी वहिनीनं हे सांगितलं, तेव्हा चहा गाळता गाळता आई खेकसली, "जाळीला कशाला नावं ठेवता? गाळणी कडेनं गळते."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं पडद्याभोवतीची रबरी रिंग बदलली. पाणी नितळ उतरलं.

"कुठं वाचलंत हे?" साहेबांनी विचारलं.

"वाचलं नाही. सासूबाईंचं ऐकून घेतलं."

आता आई सांगते, "आम्ही दोघी गाळण्या करतो."