गाड्यांच्या सिनेमातले आई-आबा

गाड्यांचा सिनेमा बघणं माझ्या अगदी जिवावर येतं. मुळात मला गाडी लागते. खोपोलीला घाट उतरायचा म्हटलं तरी मी पर्समध्ये लिंबू घेऊन बसते. मग तिकीट काढून अडीच तास दुसऱ्यांच्या गाड्या वळताना बघण्याची हौस मला कुठून असणार? पण आईपुढे माझं काही चाललं नाही.

आई कार्ल्याजवळ आमच्या गावात एकटी राहते. मी तळेगावात नोकरी करते आणि शनिवारी तिच्याकडे जाते. त्या शनिवारी मी उंबऱ्यात चप्पल काढतेय तोच ती म्हणाली, "काढू नको. आपल्याला लोणावळ्याला जायचंय, शिनेमाला."

आईने सिनेमा शेवटचा कधी पाहिला, हे तिलाही आठवत नसेल. मी विचारलं, "कुठल्या?"

"त्यो गाड्यांचा. शेजारची मावशी बघून आली. म्हनली, त्याच्यात तुमी दोगं दिसता."

दोघं म्हणजे आई आणि आबा, माझे वडील. आबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या रस्त्यावर त्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं. कडेला भाजीचा खोटा बाजार मांडला होता आणि गावातलीच माणसं गिऱ्हाईक म्हणून उभी केली होती. सिनेमावाल्यांचा माणूस कर्ण्यातून ओरडून सांगत होता, गाडी आली की घाबरून पळायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. गाडी आली. आबा पळालेच नाहीत. त्यांनी आईचा हात धरला आणि तिला आपल्या मागे ओढलं.

हे मला आईनेच सांगितलं, आणि एकदा नाही, शंभरदा. कारण आबांनी चारचौघांत तिचा हात कधी धरलाच नव्हता. रस्त्याने आबा चार पावलं पुढे आणि पदर सावरत आई मागे, ही त्यांची चाल. आईच्या सांगण्यात कौतुक होतं, पण शेवटी गाडी तक्रारीवर यायचीच. "धरला, आन् लगीच सोडला. मानसं बघत्यात म्हनून. जरा येळ धरला आसता तर काय हात झिजला आसता?" आबा होते तेव्हा हे ऐकून ते नुसते खाकरायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. ते गेल्यावर तिची तक्रार वाढली. आमच्याकडे त्यांचा एकही व्हिडिओ नाही. कुणी मोबाइल समोर धरला की ते तोंड फिरवायचे. आईला तो हात पुन्हा बघायचा होता. मी चप्पल काढली नाही.

मळवलीहून लोकलने लोणावळा, तिथून रिक्षा. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. थिएटरात शिरल्यावर तिने विचारलं, "आपन कवा दिसनार?" मी म्हटलं, मला काय माहीत, बघत राहा. ती डोळ्यांत तेल घालून बसली.

सिनेमाला शेंडा ना बुडखा. बनियन घातलेला एक धिप्पाड माणूस गाडी पळवतो, दुसरा तसलाच धिप्पाड माणूस त्याच्या मागे पळवतो, आणि का पळवतात ते मला अजून कळलेलं नाही. दोघांना ना टोल लागत, ना पेट्रोल. आमच्या या रस्त्यावर रविवारी पर्यटकांच्या गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. चिक्कीच्या एका दुकानापासून दुसऱ्यापर्यंत जाताना माणसाच्या नाकी नऊ येतात. यांना मात्र कधी एक बैलगाडीसुद्धा आडवी येत नाही. कार्ल्याच्या फाट्यावर वळलेली गाडी पुढच्या क्षणी समुद्रकिनाऱ्यावर निघाली, तेव्हा मी मोठ्याने हसले. पुढच्या रांगेतल्या एकाने वळून बघितलं. आवाज तर असा की कानठळ्या बसाव्यात. आणि एवढी घाई असताना मध्येच सगळं सावकाश होतं. गाडी हवेत तरंगते, काचांचे तुकडे रांगोळी घातल्यासारखे पसरतात. पळायचंय तर पळा की सरळ, असं मला दर वेळी वाटत होतं.

मग आमचा रस्ता आला. आईने माझं मनगट पकडलं. भाजीचा बाजार, पाट्या, ओळखीची तोंडं. गाडी हातगाडीवर आदळून वर उडाली आणि पुन्हा सगळं सावकाश झालं. टोमॅटो हवेत चढले. सगळं थिएटर ती गाडी बघत होतं. खाली डाव्या कोपऱ्यात आबा होते. पांढरी टोपी, राखाडी स्वेटर, जिवंत.

आबांनी आईचा हात धरला होता, तिने सांगितला तसाच, घट्ट. तिला मागे ओढून ते तिच्यापुढे उभे होते. मग पडद्यावरच्या आईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि दुसऱ्या हाताने त्यांची बोटं सोडवली. एकेक करून. सगळं इतकं सावकाश चाललं होतं की चुकून दिसलं, असं म्हणायला जागाच नव्हती. तिचा हात निघून गेल्यावरही आबांचा हात थोडा वेळ तसाच मागे पसरलेला राहिला. मग त्यांनी त्या हाताने टोपी सारखी केली. गाडी जमिनीवर आदळली आणि पुन्हा समुद्र आला.

मी आईकडे बघितलं नाही. मध्यंतरात मी विचारलं, "जायचं का घरी?" तिने नाही म्हणून मान हलवली. उरलेला सिनेमा आम्ही बसून बघितला. कोण जिंकलं ते मला आठवत नाही. बहुतेक बनियनवाला.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रिक्षा मिळेना म्हणून स्टेशनकडे चालत निघालो. चालता चालताच आई म्हणाली, "म्या सोडवला व्हय गं हात."

"लोक बघत होते ना, आई. तू लाजलीस."

"आन् वरीसभर त्यांनाच बोलत व्हते." ती थांबली. "म्या एवडं बोलले, तरी एका शब्दानं म्हनले न्हाईत, की अगं, तूच सोडवला."

मी म्हटलं, "त्यांच्या लक्षातही नसेल."

"व्हतं," आई म्हणाली. "तू बघितलं न्हाईस का त्यांचं तोंड?"