शारजात बुडालेला शिलाहार राजा

दुबईच्या विमानात बसले तेव्हा माझ्या पर्समध्ये मीच लिहिलेलं एक नाटुकलं होतं. देवगिरीच्या यादव राजाने शिलाहार राजाकडून कोकण कसं जिंकलं, त्याची गोष्ट. इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईला परदेशातलं मराठी मंडळ तिचं नाटुकलं बसवून प्रमुख पाहुणी म्हणून बोलावतं, याचा मला भारी अभिमान वाटत होता. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

उतरले भाचीकडे, अल मनखूलला. खाली उडप्याचं हॉटेल, शेजारी वाणी. परदेश शोधायला लागावा असा परदेश.

रविवारी भाचीबरोबर तालीम पाहायला दुबईतल्याच देऱ्याला गेले. खाडीच्या धक्क्यावर लाकडी धाव (मोठी मालवाहू गलबतं) एकमेकींना खेटून उभ्या होत्या. त्यांत माल चढवणारा मालवणचा दत्ताराम आमचा शिलाहार राजा. आठ जणांच्या खोलीत त्याने मला बांगड्याचं तिखलं (दाट, झणझणीत कालवण) वाढलं. नाकातोंडातून पाणी आलं, तरी मी दोनदा मागून घेतलं.

"बाई, माझो राजा हरतलो, तां ठीक," तो म्हणाला. "पण पाय धरतलो काय?"

"नाही. समुद्रात बुडाला, पण शरण गेला नाही."

"मगे झाला! बायको फोनवर बघतली. आख्खी वाडी जमवल्यान हा तिना."

पाठांतर चोख, आवाज खणखणीत. असा राजा मला शाळेत कधी मिळाला नव्हता.

प्रयोग शारजात, अल मजाजच्या एका सभागृहात होता. बाहेर खालिद सरोवराचं पाणी उन्हात लखलखत होतं. आत शिरतेय तोच अध्यक्ष कारखानीस पुढे आले. यादव राजा ते स्वतःच होते, मुकुटासकट.

"मॅडम, छोटासा चेंज. शिलाहार आमच्या कंपनीचे जीएम करतील. फ्रंट रोमध्ये सगळे क्लायंट आहेत, लुक मॅटर करतो ना. दत्ताराम बोट ढकलेल. आणि जीएम स्टेजवर आडवे पडणार नाहीत. ते तलवार ठेवून मला नमस्कार करतील. हॅपी एंडिंग!"

"अहो, तो शरण गेला नव्हता!"

"कोणाला माहितीये, मॅडम? खलास, ठरलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संहिता हिसकावून घ्यायला हवी होती. पण भाचीने हात दाबला. तिचा नवरा याच जीएमच्या हाताखाली होता. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

पडदा उघडला. चाकांवरच्या प्लायवूडच्या बोटीत जीएम उभे, कागदावरून वाचत. मागे निळ्या कापडाआड वाकून बोट ढकलणारा दत्ताराम. भाचीची मुलगी कुजबुजली, "आजी, व्हेअर इज द रियल किंग?"

जीएमनी तलवार ठेवायला कंबर वाकवली आणि बोट एका बाजूने उचलली गेली. राजेसाहेब धप्पकन निळ्या कापडात गडप! सभागृह हसून लोटपोट झालं. कापडामागून दत्ताराम उठला, घामाने निथळत. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुमीच सांगितलास ना, शरण जाऊक नाय म्हणान?"

सगळे माझ्याकडे वळले. एक "हो" म्हणायचं होतं. मी मान खाली घातली.

"टेक्निकल प्रॉब्लेम!" कारखानीस माइकवर ओरडले. दत्तारामला मागच्या दाराने बाहेर काढलं. पुन्हा मंडळाच्या दारात दिसायचं नाही, अशी ताकीदही दिली. मग माझा सत्कार झाला. मी शाल घेतली, नारळ घेतला, आयोजनाचं कौतुकही केलं.

परतीच्या विमानात माझा संताप अध्यक्षांवरून जीएमवर, तिथून भाचीवर फिरत राहिला आणि शेवटी माझ्यावर येऊन थांबला. तीस वर्षं मी परीक्षेत प्रश्न घालत आले, 'शिलाहारांच्या पराभवाची कारणे लिहा.' मुलं आरमार लिहायची, हत्ती लिहायची, मी गुण द्यायचे. शिलाहारांच्या दरबारातही माझ्यासारखी जाणती माणसं पहिल्या रांगेत गप्प बसलेली असणार, हे एकानेही कधी लिहिलं नाही.