शुभाआत्यांचं ‘होतंय की’

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावात आमच्या समोरच्या घरी बेल वाजली, की शुभाआत्या आधी कोपऱ्यातल्या यंत्रावर भरतकामाचा टेबलक्लॉथ टाकायच्या आणि मगच दार उघडायच्या. यंत्र त्यांच्या सहा वर्षांच्या भाचीचं, इराचं. इराच्या गळ्यात श्वासासाठी नळी बसवलेली आहे. ती त्या यंत्राने दिवसातून कितीदा तरी साफ करावी लागते.

इराचे आई-बाबा दोघंही नोकरीला. एजन्सीकडून इराला सांभाळायला येणारी बाई आयत्या वेळी दांडी मारायची. शेवटी आत्यांनीच शाळेच्या किचनमधल्या नोकरीतून बिनपगारी रजा घेतली आणि हॉस्पिटलमध्ये जाऊन सगळं रीतसर शिकून घेतलं. कसं जमतं विचारलं, की उत्तर एकच. “त्यात काय, होतंय की!” ते ऐकून मला कधी कौतुक वाटायचं, कधी डोकं फिरायचं.

रजा संपत आली. घरातल्याच माणसाला या कामाचा पगार इथली सरकारी आरोग्यसेवा सहसा देत नाही, पण अपवाद करते असं कळल्यावर त्यांनी अर्ज केला. पाहणीला नर्स आली. आत्यांनी घर लख्ख केलं, इराला दोन वेण्या घातल्या, कांदेपोहे केले. प्रत्येक प्रश्नाला हसून उत्तर, “नो प्रॉब्लेम, वुई मॅनेज!” मग पत्र आलं: कुटुंबाचं उत्तम चाललं आहे, अर्ज नामंजूर.

आत्या माझ्या किचनमध्ये बसून रडल्या. मी भडकलेच.

“आत्या, पोहे कशाला केलेत?”

“अगं, घरी आलेल्या माणसाला पसारा दाखवायचा का?”

“ती पाहुणी नव्हती! तुम्ही शाळेत परत गेलात तर इराजवळ कोण?”

दुसऱ्याच दिवशी आत्यांनी फेरविचाराचा अर्ज टाकला.

फेरपाहणीच्या वेळी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. टेबलक्लॉथ घडी होऊन कपाटात गेला होता. बोलता बोलता इराचा श्वास घरघरला. आत्या वाक्य अर्धं टाकून उठल्या, नळी साफ केली आणि इराने अंगठा वर केल्यावरच परत बसल्या.

“हाऊ डू यू मॅनेज?” नर्सने विचारलं. मी मनातल्या मनात देवाचा धावा केला.

“वुई डोन्ट,” आत्या म्हणाल्या. मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

मंजुरी आली. आता आत्यांना पगार आहे, हक्काची सुट्टी आहे. परवा मी सवयीने म्हटलं, “आत्या, मंडळाच्या गणपतीला दीडशे मोदक कराल ना?”

“नाही होत गं,” आत्या शांतपणे म्हणाल्या, “शिफ्ट आहे माझी.”

त्यांच्या मागून इराने अंगठा वर केला.