मनगटावरचा चुगलखोर

फ्रीगंजातले यज्ञेश्वर दाणी बँकेतून रिटायर झाले ते 'देव नाही' ही खात्री आणि उजव्या हाताचा कंप बरोबर घेऊन. खात्री ते टावर चौकात पोहे खाताना सगळ्यांना वाटत. पुढे कंप इतका वाढला की चमचा तोंडाशी येईपर्यंत शेव स्वतःच्या शर्टावर आणि पोहे शेजाऱ्याच्या मांडीवर. दाण्यांनी चौकात जाणंच सोडलं.

अठ्ठ्याण्णव साली इंदूरच्या डॉक्टर रुचिर यांनी नवी गोळी सुरू केली आणि त्याच मनगटावर घड्याळासारखी काळी डबी बांधली. काटे नाहीत, आकडे नाहीत. हात किती हलला ते ती गुपचूप साठवायची. मग कॉम्प्युटरला जोडली की सगळं कागदावर उमटायचं. दाणी ती अशी मिरवत, जणू स्वतःच बनवली आहे.

"झोपेत कूस बदलली तरी हिला कळतं. तुम्हारा भगवान रखता है इतना ध्यान?"

गोळी लागू पडली. पोहे तोंडात जाऊ लागले, चौक पुन्हा सुरू झाला.

आठवड्याने बायकोला, वासंतीवहिनींना, घेऊन ते इंदूरला गेले. डॉक्टरांनी कागद पसरला. रेघेचे दिवसा डोंगर, रात्री मैदान. दाणी थक्क.

"हे बघ, इथे तू मला भाजीला पिटाळलंस."

डॉक्टर मात्र गंभीर. रोज सकाळी, गोळी ऐन भरात असताना, एक उंच डोंगर.

"काका, या वेळी काय करता?"

"बसतो. पेपर वाचतो."

"बसल्या जागी हात इतका हलतोय म्हणजे कंपच. गोळी काम नहीं कर रही. बंद करू या."

दाण्यांचा चेहरा उतरला.

"पण पेपर वाचायला दार कशाला लावता हो?" वहिनींनी विचारलं.

दाण्यांनी डबीवर शर्टाची बाही ओढली. मग हळूच म्हणाले, "जप करतो. पेपरखाली गोमुखी असते. त्या पिशवीत माळ ओढतो."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "तुम्ही? कुणाचा जप?"

"ते सांगायचं नसतं," नास्तिक दाणी कडक आवाजात म्हणाले. मग आवाज खाली आला. "हात तेव्हा हलतच होता, तर म्हटलं त्याला कामाला लावू."

डॉक्टर मोठ्यानं हसले. डबीला बिचारीला मणी आणि कंप यांतला फरक कळत नव्हता. पण बंद दार, पेपर आणि पिशवी भेदून तिने जे पाहिलं, ते एवढ्या वर्षांच्या संसारात वहिनींनाही दिसलं नव्हतं. वहिनी डबीला हात जोडायच्याच बेतात होत्या.

"एक आठवडा जप मनातल्या मनात करा," डॉक्टर म्हणाले. "मग गोळीचं ठरवू."

पुढच्या खेपेला कागद आला. सकाळच्या त्या वेळेवर डोंगर नव्हता. जमिनीलगत एक बारीक, जवळजवळ सरळ रेघ होती.

"हा माझा हात?"

"तुमचाच. गोळी चालू ठेवा."

दाण्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, बस चुकेल," वहिनी म्हणाल्या.

पण उठल्या त्याही नाहीत.