कमलबाईंचे मणके

वालूरच्या कमलबाईंना कुणी कधी कमजोर म्हटलं नव्हतं. वेचणीच्या दिवसांत कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन त्या शेतातून घरापर्यंत न थांबता यायच्या. साठी उलटली, गुडघा धरला, तेव्हा मुलगा परमेश्वर म्हणाला, "माय, लय केलंस. आता बस." सून सविता त्यांना तांब्याही उचलू देईना. सहा वर्षं कमलबाई बसूनच होत्या. अंग भरलं. भेटेल तो म्हणे, "बाई सुधारल्या."

दोन वर्षांपूर्वी, पौषात, त्या अर्धी बादली उचलायला वाकल्या आणि तिथंच बसल्या. पडल्या नाहीत, पाय घसरला नाही. पाठीत काडकन झालं, एवढंच.

परभणीच्या डॉक्टर राजनंदिनींनी एक्स-रे उजेडावर धरला. "दोन मणके दबलेत. एक कालचा. दुसरा वर्षभर जुना असावा."

वर्षभर परमेश्वर आईच्या पाठीला बाम चोळत होता.

"पण मॅडम, ब्याऐंशी किलो वजन हाय तिचं," तो म्हणाला. "हाडं ठिसूळ कशी व्हतील?"

डॉक्टरांनी दुसऱ्या तपासणीचा कागद पुढे केला. चरबी किती, स्नायू किती, हाड किती, सगळं वेगवेगळं. "वजन चरबीचं आहे. स्नायू हाडाला ओढतो, तेव्हा हाड टिकतं. बसून बसून स्नायू गेला. वयानं हाड झिजतच होतं, त्यात ही भर."

सविता भिंतीला टेकली. कमलबाईंनी कागदाकडे पाहिलंच नाही.

"म्हंजी मी बसले म्हणून?"

डॉक्टरांनी औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली.

पाठीला पट्टा, इंजेक्शनं, ताटात रोज डाळ-अंडी. तीन महिन्यांनी व्यायाम सुरू झाला: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं. पहिल्या दिवशी त्यांना एकदाही जमलं नाही. मणके दबल्याचं कळलं तेव्हा त्या इतक्या हादरल्या नव्हत्या. त्यांनी मांड्या हातांनी चाचपल्या. "हे पाय माझे न्हाईत," म्हणाल्या.

सविताने समोर दुसरी खुर्ची मांडली आणि त्यांच्याबरोबर उठबस सुरू केली. "आत्याबाई, माझ्यासंगं उठा." चौथ्या आठवड्यात एकदा जमलं. वर्षाने सलग आठदा.

पुन्हा तपासणी झाली तेव्हा वजन पाच किलो उतरलं होतं, स्नायू थोडा वाढला होता, हाड आणखी झिजलं नव्हतं. डॉक्टर खूश होत्या.

"पाठ सरळ व्हईल का?" कमलबाईंनी विचारलं.

"नाही. दबलेला मणका दबलेलाच राहतो."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारली.