देवी ओळखायला चेन्नईला

माझी बायको सुमन असती तर या प्रवासाला तीच निघाली असती आणि मी पाण्याची बाटली सांभाळत मागं मागं गेलो असतो. पण पोलीस ठाण्यातून निरोप आला तेव्हा घरात मी एकटाच.

निरोप असा, की आमच्या देवळातून चोरीला गेलेला देवीचा पितळी मुखवटा बहुधा सापडलाय. परदेशातल्या एका गोदामात तिथल्या पोलिसांनी चोरीचे मुखवटे धरले. त्यांच्या आणि आपल्या पोलिसांत तसा करार आहे, म्हणून माल जहाजानं चेन्नईला परत आला. ज्यांनी तक्रार दिली होती त्यांनी येऊन ओळखावा. मी देवळाचा गुरव, तेव्हा जाणं माझ्याकडंच आलं.

आता अडचण ऐका. आमच्याकडं देवीला न्हाऊ घालते ती गुरवाच्या घरची बाई. त्या वेळी पुरुषानं पाठ करून भिंतीकडं बघायचं. मळवट भरला, साडी नेसवली, नथ घातली, की मग वळायचं. तसा उघडा फोटोही कधी कुणी काढला नाही. जन्मभर पूजा केली, पण देवीचा नुसता चेहरा मी पाहिलेला नाही. पाहिला होता तो सुमननं. चोरी झाल्यावर ती झुरणीला लागली आणि वाट बघता बघताच गेली.

सोलापूरहून संध्याकाळची गाडी धरा, सकाळी चेन्नई. खालचा बर्थ आधीच मागून घ्या, वय झालेल्यांनी तर नक्कीच. भाकरी-चटणी दोघांच्या मापानं बांधली गेली, अजून हात सुधरत नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, "एकटेच का, काका?" मी म्हटलं, "देवीला आणायला चाललोय." खोटं नव्हतं, पण ओळखायची कशी ते ठाऊक नव्हतं.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसू नका, मेट्रो स्वस्त आणि गार आहे. मी टी. नगरला एका लॉजवर उतरलो. खाली साड्यांची दुकानं, लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायकांचा लोंढा, आणि त्यात मी पिशवी छातीशी धरून. पिशवीत सुमननं जपलेल्या दोन वस्तू: देवीची नथ आणि हिरवा खण. नथ चोरीच्या दिवशी धुवायला काढलेली, म्हणून वाचली. इडली खाल्ली, वर स्टीलच्या वाटीतली कॉफी. ती कॉफी मात्र चुकवू नका.

पोलिसांच्या कार्यालयात कमला नावाच्या महिला हवालदार भेटल्या. तंजावरच्या मराठी घरातल्या, तमिळ हेल काढून जुनं मराठी बोलतात. पहिलंच वाक्य, "जेविलां का, आजोबा?" परमुलखात हे ऐकलं आणि मी छातीशी धरलेली पिशवी खाली ठेवली.

तिथले साहेब हिंदीत बोलले. "पूर्वी चोरानं सरहद्द ओलांडली की प्रकरण संपायचं. आता आम्ही कळवतो, ते पकडतात. ते कळवतात, आम्ही पकडतो. पण सगळं विश्वासावर. तुमची असेल तरच हो म्हणा. चुकीचं सांगितलंत तर तिथल्या कोर्टात त्यांचा पोलीस तोंडघशी पडेल, आणि पुढच्या वेळी आमचं पत्र कोण वाचणार?"

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर ही कोठीत राहील, खरा मालक सापडेपर्यंत."

टेबलावर मुखवटा ठेवला. मोठे डोळे, मिटलेले ओठ. मी बघतच राहिलो आणि आत काहीच हललं नाही. सुमन, तू सांग की गं!

तेवढ्यात गावातून पुतण्याचा फोन. "आबा, हो म्हणून टाका. पितळ ते पितळ. पालखीची वर्गणीसुद्धा काढलीय आम्ही!"

"देवी आहे ती, भांडं नव्हे," म्हणून मी फोन ठेवला. पण खरं सांगतो, मनात मीही हो म्हणून बसलो होतो. रिकाम्या हातानं त्या रिकाम्या घरात शिरायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मग मी कमलाबाईंना म्हटलं, "तिला नटवा. नटलेली मी ओळखतो."

"कुंकू नाही लावायचं हं, मुद्देमाल आहे," त्या म्हणाल्या. साहेबांनी मान हलवली, कमलाबाईंनी हातमोजे चढवले. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. साहेब विचारायला लागले, "यांना बरं वाटत नाहीये का?"

"सर, तें त्यांचें शास्त्र आहे," कमलाबाई म्हणाल्या आणि पिशवीतला खण नेसवू लागल्या.

"आजोबा, नथ बसेना. भोंक उजवीकडं आहे."

"डावीकडं बघा."

"डावीकडं नाहींच. माझ्यासारखी आहे ही."

मी वळलो. त्यांनी आपल्या उजव्या नाकपुडीतल्या चमकीवर बोट ठेवलं होतं. आमच्या बायका नथ डाव्या नाकात घालतात, देवीही तशीच. हिरव्या खणात ती इतकी आपली दिसत होती, की मी पुढं होऊन हात जोडले. मग म्हणालो, "ही आमची नाही, साहेब. ही तुमच्याच बाजूची कुणाची तरी लेक आहे."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि दक्षिणेकडच्या तक्रारी काढायला सांगितल्या. कमलाबाईंनी नथ आणि खण परत दिले. मी नथ घेतली आणि म्हटलं, "खण राहू दे. तिचं घर सापडलं की तिथं द्या."

दारापर्यंत त्या आल्या. "तुमची सांपडली तर न्हाऊ कोण घालील?"

मी नथ पिशवीत ठेवली.

"बोलवा. मी येतों," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती, तिथं पिशवी ठेवली. कुठल्याशा गावात माझ्यासारखाच एखादा आता पिशवी भरत असेल. त्याच्या घरी विचारायला कुणी असू दे, एवढंच मागितलं.

घरी आलो. देवळात मुखवट्याच्या जागी आम्ही तांब्या-नारळ मांडतो. तांब्यातलं पाणी बदलायचं म्हणून घागर आणून ठेवली आणि सवयीनं भिंतीकडं वळून उभा राहिलो. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही, तेव्हा वळलो आणि घागर उचलली.